दोन नंबरचं बटण

१

दोन नंबरच्या जनरेटरचं बटण बंद सापडलं, आणि त्या बोटभर बटणावर राजनंदिनी मेटकरीची सगळी वैमानिकी टांगली गेली.

झालं होतं ते असं. मुंबईहून सोलापूरला येणारं पंख्याचं छोटं विमान तिन्हीसांजेला करकंबच्या उसावरून खाली उतरत असताना त्याचा एक जनरेटर गेला. असं होतं, म्हणून तर विमानाला दोन जनरेटर देतात. पण थोड्याच वेळात दुसराही गेला, आणि असं होत नाही. आत अंधार झाला, कॉकपिटमधले पडदे काळे पडले आणि उरली ती बॅटरी. ती अर्धा तास निघते म्हणतात. खरंच निघते का, हे वर असताना पाहायची हौस कुणाला नसते. कॅप्टन अभिमन्यू आणि त्यांची सहवैमानिक राजनंदिनी यांनी नको ते सगळं बंद केलं आणि हवं तेवढंच चालू ठेवलं. लोडशेडिंग म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांना शिकवावं लागत नाही. चाकं हाताने खाली सोडली आणि विमान सुखरूप टेकलं. प्रवाशांतल्या निम्म्यांनी सेल्फी काढले, उरलेल्यांनी बॅगा कुठे मिळणार ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी हेमावती गज्जम हैदराबादहून रेल्वेने आली. रेल्वेने, कारण सोलापूरला येणारं विमान तपासायलाच तर ती येत होती. कंपनीच्या सुरक्षा विभागात ती चौकशी अधिकारी होती. माहेर सोलापूरच्या भवानी पेठेतलं, विणकरांचं. सरकारी चौकशी सरकारी चालीने यायची होती. त्याआधी कंपनीला स्वतःचं मत हवं होतं. खरं तर मत तयार होतं. चौकशीच काय ती राहिली होती.

"केस सरळ आहे मॅडम," स्टेशन मॅनेजर महेश्वर कलशेट्टी म्हणाले. कंपनीचा इथला सगळा कारभार त्यांच्याकडे होता आणि त्या मे महिन्यातही त्यांनी टाय बांधला होता. "एक जनरेटर आपला आपण गेला. तो बंद करायच्या गडबडीत पोरीने चांगला चाललेला दुसरा बंद केला. बटण बघा की! ब्लॅक बॉक्ससुद्धा त्याच क्षणाला गप्प."

"वीज गेल्यावर तो तरी काय बोलणार."

"आणि आणखी एक." महेश्वर पुढे झुकले. "तिच्या सीटखाली भंडारा सापडला. पिवळाजर्द. आता बोला. लक्ष देवात आणि बोट बटणावर!"

हेमावतीने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे विभूतीचे तीन पट्टे होते. महेश्वरनी विषय बदलून चहा मागवला.

वरिष्ठांनी तिला निघताना सांगितलंच होतं, "मानवी चूक असेल तर लवकर आटपेल." यंत्राची चूक निघाली की कंपनीला महागात पडते, सगळी विमानं तपासावी लागतात. माणसाची चूक स्वस्त. एक माणूस काढला की हिशेब मिटतो.

चहा येईपर्यंत तिने मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. तारेवर जाडजूड सोलापुरी टॉवेल वाळत होते, चांगले ओळीने. विमानतळावर एवढी आंघोळ कोण करतं, असा प्रश्न तिच्या मनात आला. पण आल्या आल्या आंघोळीची चौकशी बरी दिसत नाही.

२

राजनंदिनी ताठ बसली होती, शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलेली हुशार मुलगी बसते तशी.

"भंडारा तुझा?"

"हो मॅडम. घरून निघताना आप्पा कपाळाला लावतात. मी पुसते. थोडा राहतोच."

"आता त्या बटणाचं सांग. घाई नाही."

"आधी एक नंबरचा दिवा लागला. म्हणजे एक नंबर गेला. बटणाला हात लावायच्या आधी दोघांनी बघायचं असा नियम आहे. मी बोट ठेवलं, कॅप्टन बघून 'हो' म्हणाले, मग बंद केला. पुढे दोन नंबरचाही दिवा लागला, आणि सगळंच गेलं. गेलेला जनरेटर एकदा बंद करून परत चालू करायचा असतो. उठला तर उठला. मी बंद केला आणि तेवढ्यात धावपट्टी दिसली. कॅप्टन म्हणाले, चाकं सोड. हाताने सोडायची तर वाकून जोर लावावा लागतो. बटण परत चालू करायचं राहून गेलं."

"म्हणजे जनरेटर आधी मेला आणि मग तू बटण बंद केलंस."

"हो."

"कंपनी म्हणते, तू बटण बंद केलंस म्हणून तो मेला."

"हो मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "आणि बटण दोन्ही गोष्टींत बंदच दिसतं."

हेमावतीला ही मुलगी आवडली. चौकशीत एवढा सरळ बोलणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाही तर फार वरच्या हुद्द्यावरचा.

"याआधी काही झालं होतं?"

"उतरताना दिवे मिचमिचायचे. ऊन वाढल्यापासून दोनदा. मी कळवलं होतं. संगप्पाकाकांनी तपासलं, काही सापडलं नाही. जमिनीवर आणलं की विमान शहाण्यासारखं वागतं."

बाहेर फाटकाजवळच्या लिंबाखाली एक म्हातारा घोंगडी टाकून बसला होता. हेमावती दिसताच उठला.

"तुमीच का त्या चौकशीवाल्या? मी बिरुदेव. नंदीचा बाप."

"कधी आलात?"

"सकाळच्याला. सांगोल्याकडनं. मेंढरं भावाच्या गळ्यात घातली." त्याने पटका नीट केला. "म्याडम, माजी पोरगी परत उडंल न्हवं?"

हेमावतीने वहीचं पान उलटलं.

"न्हाय, गावात बोलून बसलोय की मी. वर कुटलंबी इमान दिसलं की लोक म्हनत्यात, बिरुदेवाची पोरगी चालली. समदी इमानं तिची न्हाईत हे कळतंय मला. पर मी कुनाला न्हाय म्हनत न्हाय."

तो हसला. मग हसू थांबलं आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

३

कॅप्टन अभिमन्यू मूळचे माढ्याचे. माणूस सभ्य होता, वैमानिक उत्तम होता, आणि त्या दिवसापासून झोपलेला दिसत नव्हता.

"अंधार होता," ते म्हणाले.

"एक नंबर गेला तेव्हा अंधार नव्हता. तिने बोट ठेवलं, ते तुम्ही पाहिलंत?"

"मी विमान उडवत होतो."

"फार छान उडवलंत. पाहिलंत का?"

"आठवत नाही."

हेमावतीने पेन खाली ठेवलं. ज्याला धावपट्टीचा उतार आठवतो, त्याला शेजारचं बोट आठवत नाही. 'पाहिलं' म्हटलं की जी काही चूक निघेल तिच्यात आपलीही सही. 'पाहिलं नाही' म्हटलं तर नियम मोडला. 'आठवत नाही' हीच तेवढी सुरक्षित धावपट्टी होती आणि कॅप्टन तिच्यावर उतरले होते.

"तिचं लायसन्स जाईल कॅप्टन."

"मला दोन मुली आहेत," ते खिडकीकडे बघत म्हणाले. या वाक्याचा अर्थ त्यांना सांगायचा होता त्याच्या उलट होतो, हे बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते उठून गेले.

मग तिने विमान पाहिलं. तंत्रज्ञ संगप्पा अक्कलकोट तालुक्यातला, केस पिकलेला, हातात नेहमी एक फडकं. पुढच्या दारातून आत पाऊल टाकलं की पायाखाली जी फळी येते, ती त्याने उचलली. खाली दोन छोट्या पेट्या होत्या, सख्ख्या भावांसारख्या लागून. एकेक पेटी एकेका जनरेटरचा कारभार बघायची.

"दोन्ही चांगल्या हायत मॅडम. कोरड्या ठणठणीत. लावून बघितलं, झकास चाललालंय."

हेमावती वाकली. खण लखलखत होता.

"काम फार स्वच्छ आहे तुमचं."

"सवय हाय."

"शेजारची फळी उघडता?"

संगप्पा थबकला, मग उघडली. त्या खणात बोटभर धूळ होती. वळवाची वाट बघणाऱ्या सोलापुरात सगळ्यावर असते तशी, प्रामाणिक.

एकाच विमानात एक खण दिवाळीतला आणि दुसरा मे महिन्यातला. आणि दिवाळीतल्या खणात आणखी एक गोष्ट नव्हती. शेजारच्या खणात फळीच्या आतून थंडी अडवणारी गादी लावली होती, वाकळीसारखी. इथे नव्हती.

"गादी कुठे आहे?"

"जुनी झालती. बदलायला काढली," संगप्पा म्हणाला आणि कोरड्या हातांना फडक्याने पुसू लागला.

हवाईसुंदरी अंकिता नवी पेठेतल्या कापडवाल्यांची मुलगी. गिऱ्हाईकाशी कसं बोलावं हे तिला शिकवायची कंपनीला गरज पडली नव्हती. आज मात्र तिला एकेक शब्द जड जात होता.

"दिवे कसे गेले? एकदम?"

"हो मॅडम. एकदम. म्हणजे... माझी पाठ होती."

"दिव्यांकडे पाठ? दिवे तर छतात आहेत."

अंकिताने हेमावतीच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे संगप्पा उभा होता.

ऑफिसात परतताना हेमावतीची नजर सहज मागच्या तारेवर गेली. तार रिकामी होती. टॉवेल कुणीतरी काढून नेले होते, आणि चिमटे मात्र घाईत जमिनीवर सांडले होते.

४

पहिल्या रांगेतल्या प्रवासी रंभाबाई करकंबच्या बाजारपेठेमागे राहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हेमावती पोहोचली तेव्हा त्या ओसरीवर शेंगा निवडत होत्या.

"तू पोलिसातली का गं?"

"नाही आज्जी. विमानातली."

"मग बस. मला वाटलं पोलिसातली. मी कायबी केलं न्हाय."

"मुंबईला कशाला गेला होतात?"

"लेकाकडं. पयल्यांदाच इमानात. त्यो म्हनला, आये, बस नगं, इमानानं ये. आन् येताना त्यो सोडायला संगं आला, तर ही तऱ्हा! लाइट गेली तवा मला वाटलं गावच आलं."

"दिवे कसे गेले आठवतं?"

"आठवतंय की! मिचमिच केलं. आमचा डीपी जायच्या आदी करतो तसंच. आलं, गेलं, परत आलं, आन् मग गेलंच. मी लेकाला म्हनलं बी, ह्ये आता जातंय बघ. त्यो म्हनला, आये गप, इमानात असं नसतं." रंभाबाईंनी एक किडकी शेंग लांब भिरकावली. "गेलं का न्हाय?"

हेमावती शेंगा निवडू लागली. बटण दाबून बंद केलेला दिवा मिचमिचत नाही. तो आज्ञाधारकासारखा जातो. आचके देत जातो तो आजारी दिवा. म्हणजे दुसरा जनरेटर राजनंदिनीच्या बोटाने मेलेला नव्हता. पण कंपनीपुढे हे ठेवलं असतं, तर कंपनीने विचारलं असतं: मग कशाने मेला? आणि करकंबच्या डीपीवर वीजशास्त्र उभं राहत नाही.

"आणखी काही वेगळं वाटलं?"

"पायाखालचं वल्लं हुतं. दारातनं शिरल्या शिरल्या. लेकाला म्हनलं, इमान गळतंय. तर परत गप म्हनला. लई गप म्हनतो त्यो."

"आणि जाताना?"

"जाताना वल्लं आन् गार! भर दुपारची येळ, भाईर डांबर इतळतंय, आन् आत पाऊल टाकलं की कसं गार! मी त्या हसऱ्या पोरीला म्हनलं, बाई, तुजं घर लई गार हाय."

हेमावतीचा शेंगेवरचा हात थांबला. उभ्या विमानात थंड हवा भरायला एसीची गाडी लागते, आणि सोलापूरच्या धावपट्टीवर तिला तशी गाडी कुठे दिसली नव्हती. मग ते विमान गार कोण करत होतं?

५

दुपारी ती भवानी पेठेत भावाकडे जेवायला गेली. शेजारच्या कारखान्यात माग खडखडत होते. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. बंद पडला तरच ऐकू येतो.

वदिनाने, म्हणजे तिच्या वहिनीने, वाढता वाढता विचारलं, "काय झालं चौकशीचं? त्या पोरीनंच केलं का?"

"सगळ्यांना तेच हवंय."

"पोरीनं केलं म्हटलं की लोकांना बरं वाटतं," वदिना म्हणाली आणि ओली चादर घेऊन खिडकीकडे गेली.

खिडकीला ओली चादर लावायची, दारात पाणी मारायचं, फरशीवर ओलं पोतं टाकायचं. सोलापूरचा उन्हाळा असाच काढतात. मागाच्या कारखान्यात तर जमीन भिजवतातच. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. लहानपणी ते पाणी मारायचं काम हेमावतीकडेच असायचं.

चादर टपटपू लागली. वदिनाने "अय्यो!" म्हणत खालचा विजेचा बोर्ड उचलून स्टुलावर ठेवला.

"रोज विसरते बघ. मागे एकदा पाणी गेलं आणि पंखा, फ्रिज दोन्ही एकदम गेले. तुझे भाऊ म्हणाले, फ्यूज उडाला. फ्यूज कशाला उडेल उगाच? मी पाणी पाडलं आणि पुसूनही टाकलं. अजून सांगितलं नाही त्यांना."

हेमावतीचा घास हातातच राहिला.

"वदिना," ती म्हणाली, "का नाही सांगितलंस?"

"ओरडले असते. शिवाय वाळल्यावर काही दिसतं का?"

६

"ऊन उतरल्यावर बसू या की मॅडम," महेश्वर म्हणाले.

"नाही. आत्ताच. विमानातच."

उन्हात उभ्या विमानात हेमावतीने बोलावलेले पाचही जण आत शिरले, आणि थोड्याच वेळात कंपनीची सगळी श्रेणी घामाने एकसारखी झाली. महेश्वरनी टाय सैल केला. अंकिता पहिल्या रांगेत, राजनंदिनी तिच्या पलीकडे, कॅप्टन दाराशी उभे. संगप्पा त्या फळीपाशी.

"गरम होतंय?" हेमावतीने विचारलं.

"भट्टी आहे," कॅप्टन म्हणाले.

"रोज दुपारी प्रवासी चढतात तेव्हा अशीच असायला हवी. पण प्रवासी म्हणतात, आत गार असतं. कलशेट्टीसाहेब, तुमच्याकडे एसीची गाडी नाही."

"मागितली आहे. वरून उत्तर आलं, स्थानिक पातळीवर तोडगा काढा."

"काढलात. आणि वर कळवलंत."

"पर्यायी शीतकरण व्यवस्था कार्यान्वित, असं कळवलं," महेश्वर पुटपुटले. मग आणखी हळू म्हणाले, "त्यांनी अभिनंदन केलं."

"ती व्यवस्था काल तारेवर वाळत होती." हेमावती अंकिताकडे वळली. "टॉवेल भिजवून दारात अंथरायचीस, हो ना?"

अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "एका आजोबांना चक्कर आली होती मॅडम. सीटवरच मान टाकली. आमच्या दुकानात दुपारी असंच करतात, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. चार टॉवेल खाली, दोन पडद्याला. प्रवासी चढून झाले की उचलून ठेवायचे. त्यात वाईट काय आहे?"

"काही नाही. दुकानाच्या फरशीखाली दोन पेट्या नसतात एवढंच." हेमावतीने पायाने फळी वाजवली. "टॉवेलचं पाणी फटीतून खालच्या गादीत जायचं. गादी म्हणजे वाकळ, प्यायलेलं सोडत नाही. विमान वर गेलं की फळीखाली ते गोठायचं. बर्फ बिचारा कुणाला त्रास देत नाही. उतरताना वितळायचा आणि पेट्यांवर थेंब थेंब पडायचा. म्हणून दिवे मिचमिचायचे ते उतरतानाच, आणि उन्हाळा लागल्यापासूनच. संगप्पा तपासायला येईपर्यंत सोलापूरचं ऊन पेट्या वाळवून टाकायचं. त्या दिवशी पाणी जास्त साठलं होतं. आधी एक पेटी भिजली, मग शेजारची. म्हणून दोन्ही जनरेटर पाठोपाठ गेले. राजनंदिनीने बटण बंद केलं तेव्हा दुसरा मेलेलाच होता. दिवे आचके देत गेले. बटणाने गेलेले दिवे आचके देत नाहीत. ते पहिल्या रांगेतल्या बाईंनी पाहिलं, आणि अंकिता, तूही पाहिलंस."

"तपासलं तेव्हा तर कोरडं होतं ना?" महेश्वर म्हणाले.

"फार कोरडं होतं. फार स्वच्छही. त्या खणात धूळसुद्धा नव्हती. कारण तिथलं पाणी कुणीतरी पुसलं आणि भिजलेली गादी काढून नेली."

बाहेर कुठेतरी टिटवी ओरडली.

"मी पुसलं," संगप्पा म्हणाला. तो जवळच्या सीटच्या हातावर टेकला. "विमान टेकल्यावर फळी उचलली तर खाली तळं. कळलं मला, टॉवेलचं हाय. ही पोरगी मलाच इचारून टॉवेल टाकायची. मी म्हनलो होतो, टाक गं, काय होत न्हाई. आता हिची नोकरी जाईल म्हनून रात्रीतनं वाळवलं. हिलाबी सांगितलं, इचारलं तर एकदम गेले म्हन. पोरीची नोकरी वाचवायला केलं मॅडम, आईशप्पथ."

"कुठल्या पोरीची?" हेमावतीने विचारलं.

"हिची. अंकिताची."

"आणि ती दुसरी?"

संगप्पाने राजनंदिनीकडे पाहिलं. तिला तो आत्ताच पहिल्यांदा बघत असावा.

"पायलट लोकांना काय होतंय असं वाटलं," तो म्हणाला. "रागावतील, सोडून देतील. मोठी माणसं ती." त्याने फडकं तोंडावर धरलं. "मेंढराच्या मागं फिरणाऱ्या घरची पोरगी. तिला मी मोठी माणसं म्हनलो."

अंकिता उठली आणि राजनंदिनीच्या शेजारी जाऊन बसली. राजनंदिनी दूर सरकली नाही, पण तिने जागाही केली नाही. हात तेवढा धरू दिला.

तेव्हा दारातून कॅप्टनचा आवाज आला.

"मी पाहिलं होतं. एक नंबरवर तिचं बोट होतं. मी पाहिलं आणि 'हो' म्हटलं. दोन नंबर आपोआप गेला. तेव्हा तिचा हात मांडीवर होता." त्यांनी घाम पुसला. "लिहून घ्या. सही करतो."

"आठवलं?"

"विसरलो कधीच नव्हतो," कॅप्टन अभिमन्यू म्हणाले.

७

हैदराबादहून वरिष्ठांचा फोन आला. "म्हणजे मानवी चूक नाही?"

"आहे की सर. फक्त माणसं जास्त आहेत. टॉवेल टाकणारी एक, पुसणारा एक, विसरणारा एक. आणि एसीची गाडी न देता अभिनंदन पाठवणारी तुमच्याच मजल्यावर बसतात."

पलीकडे एसी घरघरत होता. मग त्यांनी अहवाल सविस्तर पाठवायला सांगितलं. आता तो नको तितका सविस्तर होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

राजनंदिनीवरचा ठपका गेला. अंकिताला समज मिळाली. संगप्पाचा सहीचा अधिकार काढून घेतला. नव्या पेट्या, नवी गादी, फळीखाली नवा रबर हे सगळं त्यानेच बसवलं, पण सही हैदराबादहून आलेल्या इंजिनिअरने केली. मग प्रवाशांशिवाय एक फेरी मारून बघायची ठरली. कॉकपिटात कॅप्टन अभिमन्यू आणि राजनंदिनी, मागे तो इंजिनिअर आणि हेमावती.

संगप्पा खाली उभा होता. राजनंदिनी पायऱ्यांवर थांबली.

"काका, चला."

"मी कशाला? सगळं नीट केलंय."

"म्हणूनच. चला."

तेव्हा कळलं की हा माणूस आयुष्यभर विमानं दुरुस्त करत आला होता आणि विमानात बसून वर एकदाही गेला नव्हता. त्याने पट्टा स्वतःच लावला, स्वतःच खेचून पाहिला. विमान उठलं तसे त्याने डोळे मिटले आणि कानडीत काहीतरी म्हणायला लागला. हेमावतीने त्याला खिडकीतून उजनीचं पाणी दाखवलं. त्याने बघितलं नाही.

"आता उतरूलालो काय मॅडम?"

"हो. उतरतोय."

त्याने डोळे उघडले, आणि उतरणं संपेपर्यंत डोक्यावरच्या दिव्याकडे बघत राहिला. दिवा स्थिर होता. चाकं टेकली तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती आणि त्या दिवशी विमानात एवढंच काय ते पाणी होतं.

राजनंदिनी कॉकपिटमधून बाहेर आली. संगप्पा उठायला गेला. पट्टा सोडायचाच राहिला होता, परत बसला. त्याने दोन्ही हात जोडले.

"घाबरलात काका?" राजनंदिनीने विचारलं.

"लई."

"मी पण त्या दिवशी लई घाबरले होते," ती म्हणाली. "सगळ्यांनी बटणाचं विचारलं. हे कुणी विचारलंच नाही."

हेमावती पट्टा सोडवत होती. तिनेही बटणाचंच विचारलं होतं.